मदत हवी आहे: तासगाव ते दिल्ली बेदाणा, पूर्ण गाडी की पार्ट लोड?

मंडळी, दर पंधरवड्याला १५ किलोचे १८० बॉक्स, म्हणजे २.७ टन बेदाणा दिल्लीला पाठवायचा आहे. १४ फुटी आयशर ट्रक चार टनांच्या आसपास उचलते, म्हणजे पूर्ण गाडी केली तर जवळपास तिसरा हिस्सा भाडं रिकाम्या जागेचं. पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत माल पाठवणं, किलोमागे स्वस्त दिसतो, पण त्यात बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची माल घेतल्याची पावती) चार्ज, दोन्हीकडची हमाली आणि तिकडच्या गोडाऊनपासून दुकानापर्यंतचा टेम्पो धरावाच लागतो.

खरी काळजी मालाची आहे. मध्येच गाडी बदलली की खालच्या थराचे बॉक्स दबतात. शेजारी हळदीची किंवा मिरचीची पोती लागली तर वास बेदाण्यात उतरतो आणि व्यापारी भाव पाडतो. शिवाय गाडी बदलली की ई-वे बिलाचा (जीएसटीतला माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) पार्ट बी, म्हणजे गाडीच्या तपशिलाचा भाग, नव्या गाडीच्या नंबरने भरायचा. या बिलाची मुदत २०० किमीला एक दिवस, माल गोडाऊनला पडून राहिला तर ती तिथंच संपते.

सांगली-मिरजेहून माल मधे न उतरवता थेट दिल्लीला जाणारी पार्ट लोड गाडी मिळते का? इकडे माल उतरवून दिल्लीकडे परतणाऱ्या गाडीचं भाडं कसं ठरवता? बिल्टीवर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ छापलेलं असताना ट्रान्झिट विमा तुम्ही स्वतः उतरवता का?