मदत हवी आहे: अपडेटनंतर ग्रब (चालू करताना विंडोज की उबुंटू ते निवडायचा मेनू) गायब, थेट विंडोजच सुरू होतंय
लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबुंटू २२.०४ (लिनक्स), एकाच एसएसडीवर. परवा विंडोज अपडेट झालं तेव्हापासून ग्रबचा मेनूच येईना, बायोसच्या बूट लिस्टमध्येपण उबुंटू नाही. फास्ट स्टार्टअप बंद करून बघितलं, फरक शून्य. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बघितलं तर होम फोल्डर शाबूत आहे आणि ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फायली असतात तो भाग) उबुंटूचं फोल्डर, शिमची (सिक्युअर बूट चालू असताना ग्रब सुरू करून देते ती) फाइलपण आहे, म्हणजे बूट लिस्टमधली फक्त एंट्री उडालीय वाटतं. नवी पेठेत दुकानात दाखवलं तर फॉरमॅट मारा म्हणाले (दुसरं काय सांगणार), पण विंडोजमध्ये चादरीच्या कारखान्याचा हिशोब आहे, जमणार नाही. सिक्युअर बूट (सही असलेलंच बूट होऊ देतं ते) आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) दोन्ही चालू, रिकव्हरी की लिहून ठेवलीय. नुसती एफिबूटएमजीआरनं (बूट लिस्ट बदलायची लिनक्सची कमांड) एंट्री परत टाकून भागेल का ग्रब नव्यानं टाकावंच लागेल?