पैसे भरले तरी माग सुटतो का?

"महिन्याला थोडे पैसे भरा, जाहिरातींची कटकट संपली" असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. युरोपात फेसबुक-इन्स्टा चालवणाऱ्या मेटा कंपनीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये हेच केलं. जाहिरातमुक्त फेसबुक-इन्स्टा वेबवर महिना ९.९९ युरो, मोबाइलवर १२.९९. वर्षभरात दर ५.९९ आणि ७.९९ वर आले. तरी एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभारी मंडळानं, मेटाला २० कोटी युरो दंड ठोकलाच. कारण ज्याला पैसेही भरायचे नाहीत आणि जाहिरातींसाठी स्वतःची एवढी माहितीही द्यायची नाही, त्याला धड तिसरी वाटच नव्हती. शिवाय पैसे भरणाऱ्याची माहिती जाहिरातींसाठी वापरत नाहीत इतकंच, गोळा तर होतेच.

अशा माग काढणाऱ्या जाहिरातींची दुसरी बाजू आमच्या घरातच आहे. मावशी कोल्हापुरात राजारामपुरीत कांदा-लसूण चटणी करते. पाचशे रुपयांत तिची जाहिरात पुण्या-मुंबईतल्या कोल्हापूरकरांपुढे जाते आणि ऑर्डरी येतात. पेपरात तेवढ्यात चार ओळी तरी छापतील का?

मी मात्र तिथल्याच पापाची तिकटीच्या चप्पल बाजारात जाऊन चप्पल घेतली, घालून झिजायलाही लागली. फोन अजून चपलांच्याच जाहिराती दाखवतोय. या कंपन्यांना माझं सगळं कळतं म्हणे!