स्ट्रीट फायटर ६ : ट्रेनिंग मोडमध्ये जमणारे कॉम्बो सामन्यात का जमत नाहीत?

रात्रपाळीचा_रियू

मी या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये रियू हे पात्र घेऊन, क्लासिक कंट्रोल (प्रत्येक चालीच्या कळा स्वतः क्रमाने देण्याची पद्धत) वापरून, संगणकाच्या कीबोर्डवर खेळतो. कॉम्बो ट्रायल्स या सराव-आव्हानांतील मधल्या स्तरापर्यंतचे बहुतेक कॉम्बो (एकाला एक जोडलेले सलग फटके) मला ट्रेनिंग मोडमध्ये सलग मारता येतात. रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यात मात्र पहिला फटका बसला की एक तर हात थबकतात, नाहीतर प्रतिस्पर्ध्याने ब्लॉक केलेले असूनही मी शोर्युकेन (वर उसळी घेत मारलेला ठोसा) मारून मोकळा होतो आणि खाली येताना त्याच्याकडून मोठा मार खातो. आणखी कॉम्बो पाठ करावेत, की येत असलेल्यांचाच सराव वेगळ्या पद्धतीने करावा, याबद्दल अनुभवी खेळाडूंनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कोपऱ्यातला_केन

आणखी कॉम्बो पाठ करू नका. आपण वर्णन केलेली अडचण कॉम्बोची नसून हिट-कन्फर्मची, म्हणजे फटका बसला की अडवला गेला हे ओळखून पुढचे बटण दाबायचे की नाही ते ठरवण्याची आहे. कॉम्बो ट्रायल्समध्ये डमी, म्हणजे सरावासाठी समोर उभा केलेला प्रतिस्पर्धी, कधीच ब्लॉक करत नाही, त्यामुळे हा निर्णय तेथे घ्यावाच लागत नाही आणि हाताला सगळी बटणे एका दमात दाबण्याची सवय लागते.

ट्रेनिंग मोडमध्ये डमीचे गार्ड ‘रँडम’वर ठेवा, म्हणजे तो कधी ब्लॉक करेल, कधी नाही, आणि फक्त एकच क्रम घ्या : बसून लाईट किक, बसून लाईट पंच आणि फटके बसलेले दिसले तरच लाईट शोर्युकेन. ब्लॉक झाले असेल तर दुसऱ्या फटक्यानंतर हात थांबलाच पाहिजे. हा खेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, गतीने चालतो. एकच लाईट फटका पाहून निर्णय घेणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण दोन फटके मिळून डोळ्यांना पुरेसा अवधी मिळतो. लाईट फटक्यांपासून सुरू होणाऱ्या कॉम्बोचे नुकसान कमी असूनही सगळे खेळाडू ते वापरतात, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी गोष्ट लयीची. काही फटके ‘कॅन्सल’ने जोडलेले असतात, म्हणजे आधीची हालचाल अर्धवट तोडून पुढची सुरू होते आणि तेथे घाई चालते. काही फटके ‘लिंक’ने जोडलेले असतात, तेथे आधीची हालचाल पूर्ण संपू द्यावी लागते. एखादा फटका बसल्यावर आपल्याला ५ फ्रेमचा फायदा मिळत असेल, म्हणजे समोरच्याच्या ५ फ्रेम आधी हालता येत असेल, तर ५ किंवा त्याहून कमी फ्रेममध्ये लागणारा फटकाच पुढे जोडता येतो. स्ट्रीट फायटर ४ मधील काही लिंकना अवघी एक फ्रेम मिळत असे. सहाव्या भागात बटण किंचित लवकर दाबले तरी खेळ ते सांभाळून घेतो, तरीही घाबरून बटणे बडवणाऱ्याच्या लिंक तुटतातच. आपल्या कॉम्बोत कोणता जोड कोणत्या प्रकारचा आहे, हे खालच्या फ्रेम मीटरवर एकदा नीट पाहून घ्या. (जाता जाता : १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये कॉम्बो ठरवून घातलेलेच नव्हते. निर्माते नोरिताका फुनामिझु यांना गाडी फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना एका फटक्याला दुसरा जोडता येतो असे दिसले आणि ती गोष्ट खेळात तशीच राहू दिली गेली.)

शिक्षा_हेवी_पंच

वरील उत्तर योग्य आहे, मात्र सरावाच्या क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. ज्याचे हात सामन्यात थबकतात त्याने हिट-कन्फर्मपासून नव्हे, तर शिक्षेच्या, म्हणजे समोरच्याची चाल फसल्यावर मारायच्या, कॉम्बोपासून सुरुवात करावी, कारण तेथे ओळखण्यासारखे काही उरलेलेच नसते. समोरच्याचा शोर्युकेन आपण ब्लॉक केला, तो खाली येत आहे, आणि आपला फटका बसणार हे निश्चित आहे. अशा वेळी बसून हेवी पंच आणि त्यातून कॅन्सल केलेला हेवी शोर्युकेन एवढे पुरे आहे. हालचाल संपायच्या आत सापडलेल्या प्रतिस्पर्ध्यावरचा फटका ‘पनिश काउंटर’ ठरतो. त्या फटक्याचे नुकसान २० टक्क्यांनी वाढते आणि आपल्याला ४ फ्रेमचा जादा फायदाही मिळतो.

याचा सराव करताना कॉम्बो नव्हे, प्रसंग रेकॉर्ड करावा. डमीला कधी शोर्युकेन, कधी स्वीप (पाय उडवून पाडणारी लाथ), कधी नुसताच ब्लॉक अशा हालचाली नोंदवून द्या आणि त्या यादृच्छिक क्रमाने चालू द्या. कॉम्बो सुरू कोठून होतो हे हाताला कळल्याशिवाय तो पुढे किती लांब आहे याला अर्थ नाही. शिवाय लांबी वाढेल तसे प्रत्येक पुढच्या फटक्याचे नुकसान घटत जाते, त्यामुळे दुप्पट कठीण कॉम्बो दुप्पट मार देत नाही.

कीबोर्डसाठी एक सूचना. बसून मारलेल्या लाईट पंचानंतर शोर्युकेन काढताना ‘पुढे, खाली, खाली-पुढे’ असा पूर्ण क्रम देण्याची गरज नाही. खालची कळ दाबून ठेवून पुढची कळ दोनदा टिचकवली आणि पंच दाबला, तरी खेळ तो शोर्युकेन मानतो.

रात्रपाळीचा_रियू

दोघांचेही आभार. ड्राइव्ह रश, म्हणजे वेगाने पुढे झेपावण्याची चाल, याबद्दल एक शंका उरते. बसून मीडियम किक मारून त्यातून रश करणारे पुष्कळ खेळाडू भेटतात, पण तो एकच फटका असतो. मग ते कन्फर्म कसे करतात?

कोपऱ्यातला_केन

बहुतेक जण करतच नाहीत. ते आधीच ठरवून किकसोबत रश करतात आणि किक बसली की नाही हे रश चालू असताना पाहतात. बसली असेल तर कॉम्बो पुरा करतात; ब्लॉक झाली असेल तरी रशमधून मारलेल्या पुढच्या साध्या फटक्याला ४ फ्रेमचा जादा फायदा मिळत असल्याने दबाव त्यांचाच राहतो. मात्र असा रश ड्राइव्ह गेजच्या (अशा चालींना लागणाऱ्या ऊर्जेच्या साठ्याच्या) ६ पट्ट्यांपैकी ३ खातो, म्हणजे लागोपाठ दोन वेळा फसला की गेज रिकामा आणि आपण बर्नआउटमध्ये. मग ओव्हरड्राइव्ह चाली (गेज खर्चून मारायच्या जोरदार स्पेशल चाली) आणि पॅरी (फटका झेलून परतवणे) बंद होतात, शोर्युकेनसारख्या स्पेशल चाली ब्लॉक करूनही जीव घटतो, आणि कोपऱ्यात असताना समोरच्याचा ड्राइव्ह इम्पॅक्ट (गेज खर्चून मारलेला जबर फटका) ब्लॉक केला तरी भोवळ येते. तूर्त गेज ४ पट्ट्यांच्या खाली असेल तर या किकमधून रश करू नका. लांबून मीडियम किक मारून तेथेच थांबणे हीदेखील रियूची चांगली चाल आहे.