आबाजीचं लॉगबुक १९४४ मध्येच का थांबलं?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी, यंदा जुनं कवेलूचं घर उतरवलं तर माळ्यावरून आबाजीची पत्र्याची पेटी निघाली. त्यात तीन-चार मेडल अन् एक लॉगबुक, म्हणजे विमानाच्या उड्डाणांची नोंदवही, वाळवीनं कडा खाल्ल्या पण अक्षर शाबूत हाय. प्रत्येक ओळीत तारीख, विमान व्हेंजन्स, पायलटचं नाव, आबाजीच्या कामाच्या जागी एअर गनर (विमानातून बंदूक चालवणारा), अन् शेवटी बहुतेक ठिकाणी डीसीओ असं लिहिलंय. जागा कुंभीरग्राम. १९४४ च्या पावसाळ्यापर्यंत पानं भरलेली, मंग एकदम कोरी.

आता खरी गोष्ट सांगतो. आबाजी लढाई संपल्यावर गावात आले, आठ एकर कोरडवाहू केली, ९४ साली गेले, लढाईचं एक अक्षर बोलले नाही. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. गावात मात्र काही लोक म्हणायचे का बुढा पळून आला, विमानातून काढून टाकला. माह्या आत्यानं हे लहानपणी विहिरीवर ऐकलंय. ती कोरी पानं पाहून माह्याही पोटात गोळा आला. कोणाला काही माहीत असलं तर सांगा.

जुनी_विमानं (नागपूर)
भाऊ, पेटी आधी कोरड्या जागी ठेवा अन् लॉगबुकच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा.
व्हेंजन्स हे अमेरिकन बनावटीचं डाइव्ह बॉम्बर, माणसं फक्त दोन, पुढं पायलट अन् मागं गनर. आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनकडे ती होती. कुंभीरग्राम म्हणजे आजचं सिलचरचं विमानतळ, आणि १९४४ च्या मार्चपासून जपान्यांनी इंफाळला वेढा दिला तेव्हा ७ नंबरवाले तिकडेच होते. हे विमान जवळजवळ सरळ नव्वद अंशात खाली जायचं, बॉम्ब सोडून पुन्हा वर. मागच्या माणसाचं तोंड शेपटीकडे, म्हणजे विमान जमिनीकडे पडतंय अन् त्याला दिसतंय फक्त आभाळ. वीस-बावीस वर्षांच्या पोराला हे रोज करायला काय काळीज लागत असेल! कान गेला असेल तर त्याचं नवल नाही, इतक्या झपाट्यानं खाली येताना कानावर फार दाब येतो.
डीसीओ म्हणजे ड्यूटी कॅरीड आउट, सांगितलेलं काम केलं.

कोऱ्या पानांचं म्हणाल तर १९४४ मध्येच दोन्ही स्क्वाड्रनची व्हेंजन्स काढून घेतली, ७ ला हरिकेन दिली आणि ८ ला स्पिटफायर. ही दोन्ही एका माणसाची विमानं, मागची सीटच नाही. मग गनर बसणार कुठं?

माजी_सैनिकाची_पोर (वर्धा)
दादा, मेडलच्या मागं किंवा कडेला नाव-नंबर कोरलेला असतो, भारतात दिलेल्या मेडलवर तो टाकत. ताऱ्यासारख्या मेडलवर बर्मा लिहिलंय का बघा. तो नंबर घेऊन दिल्लीला सुब्रोतो पार्कमधल्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, डिस्चार्जची तारीख अन् कारण विचारा. अर्ज कसा लिहायचा ते यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, माझ्या बाबांच्या वेळी आम्ही तिथूनच सुरुवात केली होती. गावातल्यांचं तोंड कागदानंच बंद होईल.

पऱ्हाटीवाला
बर्मा स्टार हाय! कडेला नंबरही हाय, भिंग लावून वाचला.
भाऊ, तुमचं ते शेपटीकडे तोंड वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. आबाजी बंडीत कधी समोर पाहून बसले नाही, नेहमी मागं तोंड करून, पाय खाली सोडून. आम्हाला वाटे बुढा रस्त्यात सांडलेला कापूस पाहून राहिला.
काल रात्री आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. मागच्या सीटचं दोनदा वाचायला लावलं. मंग म्हणे, "म्हणजे खुर्चीच काढून घेतली, माह्या बाप नाही उठला." अर्ज आज लिहितो, तिचा अंगठा घेऊन.