मदत हवी आहे: टीममधला पोरगा माइकच बंद ठेवतोय

मंडळी, आमचा बीजीएमआयचा (मोबाइलवरचा लढाईचा ऑनलाइन गेम) चौघांचा स्क्वॉड आहे, मी आयजीएल, म्हणजे उतरायचं कुठे, झोनमध्ये (लहान होत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळात) शिरायचं कधी हे मीच सांगतो. गेल्या रविवारी एरंगेल मॅपवर शेवटच्या सर्कलमध्ये आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा आडोशासाठी स्मोक, म्हणजे धूर न टाकताच पडलेल्या मित्राला रिव्हाइव्ह द्यायला, म्हणजे परत उभं करायला धावला, दोघंही गेले आणि मी सगळ्यांसमोर माइकवर नको तेवढं ओरडलो. तेव्हापासून तो म्यूटच, शत्रू दिसला तरी नुसता मॅपवर मार्क टाकतो. खरं तर तो मित्राला वाचवायलाच गेला होता ना, हे मला मॅच संपल्यावर सुचलं. आता त्याला एकट्याला फोन करू की सगळ्यांसमोरच सॉरी म्हणू? आणि ऐन फाइटमध्ये आवाज शांत कसा ठेवता तुम्ही? अनुभव असेल तर प्लीज सांगा, पोरगा गमवायचा नाहीये.