मदत हवी आहे: नेक्स्टफ्लो प्लगइनची ग्रेडलमधून पूर्ण चाचणी कशी लावायची?

नमस्कार मंडळी. नेक्स्टफ्लोसाठी (डेटा-विश्लेषणाच्या पाइपलाइन चालवणारं साधन) ग्रूव्ही भाषेत एक छोटं प्लगइन लिहितोय; बिल्ड ग्रेडल या साधनाने करतो. प्रत्येक टास्क संपला की त्याची मेमरी आणि लागलेला वेळ टीएसव्हीत (टॅबने विभागलेल्या तक्त्याच्या फाइलीत) नोंदवायचा, एवढंच त्याचं काम. स्पॉक या चाचणी-फ्रेमवर्कच्या युनिट टेस्ट हिरव्या येतात, पण त्यात निम्मं जग मॉक, म्हणजे नकली, केलेलं; त्या हिरव्यावर माझा फारसा भरवसा नाही. खरी पाइपलाइन रिझ्यूम लावून (आधी झालेले टास्क पुन्हा न करता कॅशमधून घेत) चालवली की टीएसव्ही अर्धी रिकामी! कॅशमधून आलेल्या टास्कला 'ऑन-प्रोसेस-कम्प्लीट' हा हुक (नेक्स्टफ्लो त्या-त्या वेळी प्लगइनमधलं जे फंक्शन बोलावतं ते) नव्हे, 'ऑन-प्रोसेस-कॅश्ड' लागू होतो. तो जोडलाय, पण असलं काही पुढे आपोआप पकडलं जायला हवं.

म्हणजे ग्रेडलनेच प्लगइन बिल्ड करून तात्पुरत्या फोल्डरात टाकावं, चिमुकल्या फास्टक्यूवर (डीएनए-सिक्वेन्सची फाइल) पाइपलाइन दोनदा चालवावी (दुसऱ्यांदा रिझ्यूमसह) आणि टीएसव्ही तपासावी. यासाठी वेगळा सोर्स-सेट (चाचणी-कोडचा स्वतंत्र गट) करू की सरळ एक्झेक टास्क (बाहेरची कमांड चालवणारा)?

शिवाय फास्टक्यू बदलली तरी ग्रेडल 'अप-टू-डेट' (काही बदललेलं नाही) म्हणून चाचणी टाळतं. ती फाइल टास्कचं इनपुट म्हणून दिली की भागेल ना? सीआयवर (आपोआप बिल्ड-चाचणी करणारी यंत्रणा) 'एनएक्सएफ-प्लगइन्स-डीआयआर' (प्लगइनचा फोल्डर ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) कोणी बदलून पाहिलंय का? बिल्डची फाइल दाखवलीत तर फार बरं होईल.