मध्ययुगीन इंग्लिश चर्चमधील लाकडी पडदा : काही प्रश्न

मांडवीकर (वडोदरा) :
आमच्या कला-इतिहास अभ्यासमंडळात मला मध्ययुगीन इंग्लिश ग्रामचर्चच्या अंतर्भागावर बोलायचे आहे. नेव्ह हे भाविकांचे दालन आणि चॅन्सेल हा वेदीचा भाग, यांच्यामधील कोरीव लाकडी पडदा मी सभामंडप आणि गाभारा यांच्या आधारे समजावणार आहे. ही तुलना योग्य ठरेल का? शिवाय नक्षी शाबूत असताना संतांचे चेहरेच तेवढे खरवडलेले का दिसतात, आणि चॅन्सेलच्या दक्षिण भिंतीतील कोनाड्यात तळाला छिद्र असलेले दगडी पात्र कशासाठी असे?

रावपुरा_वाचक (वडोदरा) :
तुलना सुरुवातीपुरती चालेल, पण फार ताणू नये. पडद्याचा खालचा भाग भरीव फळ्यांचा असला तरी वरचा जाळीदार असे, आणि नॉरफोकमधील रॅनवर्थ येथे तर पडद्याला लागूनच नेव्हच्या बाजूला दुय्यम वेद्या होत्या. मला अधिक महत्त्वाची वाटते ती खर्चाची विभागणी. चॅन्सेलची डागडुजी रेक्टरकडे (चर्चच्या उत्पन्नाचा मुख्य हक्कदार) आणि नेव्हची गावकऱ्यांकडे असे; म्हणूनच सफोकमधील लॅव्हनममध्ये लोकरीच्या पैशावर नेव्ह नव्याने उंच आणि प्रशस्त बांधले गेले, तर चौदाव्या शतकातील चॅन्सेल ठेंगणेच राहिले.

पडद्यावर सज्जा आणि त्याच्याही वर क्रूसावरील ख्रिस्त, मरिया व योहान यांच्या मूर्ती असत. मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात, राजा सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत (१५४७–१५५३) मूर्ती हटवल्या गेल्या आणि १५६१ मध्ये राणी एलिझाबेथच्या आदेशाने सज्जे उतरवले गेले, मात्र खालचा पडदा राखायचा होता. त्यामुळे लाकूडकाम टिकले, आणि भक्तीचा रोख ज्यांच्याकडे असे ते चेहरे तेवढे विद्रूप झाले. सज्ज्याकडे जाणारा भिंतीतील जिना मात्र कित्येक ठिकाणी शिल्लक आहे. त्याचे वरचे दार आता अधांतरीच उघडते.

सयाजीबाग_रहिवासी (वडोदरा) :
ते पात्र म्हणजे पिसीना. पवित्र भांडी धुतलेले पाणी छिद्रातून थेट पवित्र भूमीत मुरावे, ही त्यामागची योजना. शेजारी बहुधा पुरोहित आणि त्याच्या दोन साहाय्यकांसाठी तीन दगडी आसने असतात. बाजूच्या दालनात एखादा पिसीना आढळला, तर तिथे पूर्वी वेदी होती असे जवळपास खात्रीने सांगता येते.

चित्रे दाखवणार असाल तर सफोकमधील वेन्हॅस्टनचे ‘अंतिम न्याया’चे चित्र अवश्य घ्या. चुन्याखाली झाकलेल्या या फळ्या १८९२ मध्ये जीर्णोद्धाराच्या वेळी अंगणात टाकून दिल्या होत्या. पावसाने चुना धुऊन निघाला तेव्हा चित्र उघडे पडले. त्यात क्रूस आणि दोन्ही मूर्ती जिथे जोडलेल्या होत्या, तेवढ्या आकृत्या रंगाविना कोऱ्या आहेत. नाहीशा झालेल्या त्या मूर्तींची मांडणी श्रोत्यांना यावरून सहज दाखवता येईल.